शिरगणतीतली रेघ आणि लग्नाचा जामीन : अमेरिकेच्या सरहद्दीवरचं जुनं घराणं कसं शोधायचं

माझ्या मुलीचं सासर केंटकीचं. नातीला शाळेत वंशवृक्ष काढून न्यायचा होता, तेव्हा आमच्या बाजूची फांदी दोन दिवसांत भरली. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत खापरपणजोबांपर्यंतची नावं होती. (लेकीसुनांची नावं तिथेही मोजकीच, हे तेव्हाच खटकलं होतं.) तिच्या वडिलांच्या बाजूला १८५० पर्यंत सगळं सुरळीत गेलं. त्यामागे पुरुषांची नावं तेवढी उरली आणि बायका एकाएकी नाहीशा झाल्या.

त्याचं कारण साधं आहे. अमेरिकेत १७९० पासून दर दहा वर्षांनी शिरगणती होते, पण १८४० पर्यंतच्या सहा शिरगणत्यांमध्ये घरातल्या एकाच माणसाचं नाव लिहिलेलं असतं, कुटुंबप्रमुखाचं. बाकीची माणसं वयाच्या रकान्यांमध्ये नुसते आकडे होऊन बसलेली असतात. बायको म्हणजे एका रकान्यातली एक रेघ. विधवा होऊन स्वतः घर चालवू लागली तरच तिचं नाव कागदावर येई. तिचं माहेरचं आडनाव जपणारा कागद बहुतेक वेळा एकच असतो, तो लग्नाचा. म्हणून शिरगणती आणि लग्ननोंद एकमेकींशेजारी ठेवूनच वाचायची. एकटी शिरगणती वाचली तर ती फसवते, आणि फसवते ती बहुधा बायकांच्या बाबतीत.

हे समजावून सांगायला मी अब्राहम लिंकनच्या वडिलांचं, थॉमस लिंकनचं घर घेते. ते खरोखर सरहद्दीवरचं (म्हणजे पश्चिमेकडे सरकत जाणाऱ्या नव्या वस्तीच्या कडेचं), गरीब, दोनदा राज्य बदललेलं घर होतं, आणि त्याचे कागद इतके तपासले गेले आहेत की आपली पद्धत त्यांच्यावर पारखून घेता येते.

आधी जवळचं, मग लांबचं

सुरुवात कायम अलीकडून करायची. १९५० पर्यंतच्या शिरगणत्या आता सगळ्यांना खुल्या आहेत, कारण बहात्तर वर्षं झाली की त्या उघडतात. तिथून एकेक पायरी मागे या. १८९० ची मिळणार नाही. १९२१ च्या जानेवारीत वॉशिंग्टनमध्ये लागलेल्या आगीमुळे ती जवळजवळ पूर्ण गेली. १८८० वर मात्र निवांत थांबा. कुटुंबप्रमुखाशी प्रत्येकाचं नातं काय, हे या शिरगणतीत पहिल्यांदा लिहिलं गेलं, आणि आईवडील कोणत्या राज्यात जन्मले हेही तिथे आहे. १८५० मध्ये प्रत्येक स्वतंत्र (म्हणजे गुलाम नसलेल्या) माणसाचं नाव, वय आणि जन्माचं राज्य मिळतं, पण नातं मिळत नाही. एका छताखाली पुरुष, बाई आणि पाच मुलं दिसली म्हणजे ती बाई त्या पाचही मुलांची आई, असं धरून चालू नका. ती सावत्र आई असेल, आत्या असेल, नाहीतर मोठी बहीण.

वयांवरही फार विसंबू नका. १८६० च्या शिरगणतीत लिंकनची पत्नी मेरी हिचं वय ३५ लिहिलं आहे, ती तेव्हा ४१ वर्षांची होती. नामांकित वकिलाच्या घरी ही गत, तर जंगलातल्या ओंडक्यांच्या घरी काय असेल? वय पाच वर्षांनी इकडेतिकडे निघालं तर माणूस लगेच नाकारू नका. जन्माचं राज्य सलग तीन शिरगणत्यांत वेगवेगळं निघालं, तर मात्र थांबून विचार करा.

जागा हलत नाही, हद्द हलते

सरहद्दीवरच्या शोधात माणसं सगळ्यात जास्त इथे अडखळतात. काउंटी म्हणजे साधारण आपल्या तालुक्या-जिल्ह्यासारखा विभाग. लग्न, जमीन, वारसा, कर यांचे सगळे कागद काउंटीच्या कोर्टात राहतात. नवी वस्ती वाढली की जुनी काउंटी चिरून नवी काढत. जुने कागद मात्र जुन्याच कोर्टात राहत.

अब्राहम १८०९ मध्ये जन्मला तेव्हा ती जागा हार्डिन काउंटीत होती. १८४३ मध्ये तिथे लारू काउंटी झाली. आज जन्मस्थान पाहायला गेलात तर तुम्ही लारूमध्ये उभे असता, पण त्या काळचे कागद हार्डिनच्या कोर्टात. १८१६ च्या अखेरीस हे कुटुंब ओहायो नदी ओलांडून इंडियानात गेलं. त्यांची जागा जिथे आहे ती स्पेन्सर काउंटी १८१८ मध्ये अस्तित्वात आली. म्हणजे घर हललं नाही, पण दोन वर्षांत काउंटी बदलली.

म्हणून एक कागद घ्या, डावीकडे वर्षं लिहा, समोर त्या वर्षी ती जागा कोणत्या काउंटीत होती ते लिहा, आणि त्यापुढे त्या वर्षाचे कागद आज कुठे आहेत ते. कंटाळवाणं काम आहे, पण हे केल्याशिवाय एकही नाव शोधायला बसू नका. गावांच्या नावांकडेही लक्ष द्या. पुढे एक स्प्रिंगफील्ड येणार आहे ते केंटकीतलं. लिंकनने वकिली केली ते स्प्रिंगफील्ड इलिनॉयमधलं.

अपेक्षित ओळ आधी मांडा

जुनी शिरगणती उघडण्यापूर्वी, तुमच्या माहितीप्रमाणे त्या घराची ओळ कशी दिसायला हवी ते स्वतः लिहून काढा. मग प्रत्यक्ष ओळीशी ताडून बघा. उलटं केलं की मन आकड्यांना माणसं चिकटवत सुटतं.

१८०० आणि १८१० मध्ये गोऱ्या स्वतंत्र माणसांचे रकाने पुरुषांसाठी पाच आणि बायकांसाठी पाच होते : १० च्या आतले, १० ते १५, १६ ते २५, २६ ते ४४, आणि ४५ व त्यापुढचे. मोजणीचा दिवस ऑगस्टचा पहिला सोमवार. प्रत्यक्ष काम महिनोन्महिने चाले, पण हिशोब त्या दिवसाचा धरायचा.

आता १८१० चा ऑगस्ट. थॉमस ३२ वर्षांचा, नॅन्सी २६ ची, मुलगी सारा ३ वर्षांची, अब्राहम दीड वर्षाचा. अपेक्षित ओळ अशी : १० च्या आतला मुलगा १, २६ ते ४४ चा पुरुष १, १० च्या आतली मुलगी १, २६ ते ४४ ची बाई १. नॅन्सी अगदी काठावर आहे. वय सांगताना वर्षभराची चूक झाली तर तिची रेघ १६ ते २५ मध्ये पडेल. असे काठावरचे लोक आधीच खूण करून ठेवायचे.

दहा वर्षं पुढे या. १८२० चा ऑगस्ट, इंडियाना. थॉमस ४२, अब्राहम ११, सारा १३. घरात २६ ते ४४ च्या रकान्यात एक बाई आहे. १८१० मध्येही त्याच रकान्यात एक बाई होती. सहज वाटेल की तीच, दहा वर्षांनी मोठी झालेली. नॅन्सी जिवंत असती तर ती ३६ वर्षांची असती, याच रकान्यात बसली असती.

पण नॅन्सी ५ ऑक्टोबर १८१८ ला वारली होती. विषारी झुडूप खाल्लेल्या गायीच्या दुधाने होणारा आजार तेव्हा त्या भागात घरंच्या घरं रिकामी करत होता. १८२० मधली ती रेघ साराह बुश जॉन्स्टनची, थॉमसच्या दुसऱ्या बायकोची. ती विधवा होती आणि आपली तीन मुलं घेऊन आली होती. शिवाय नॅन्सीचा मावसभाऊ डेनिस हँक्स, वय २१, त्याच घरात राहत होता. फक्त आकडे वाचणारा माणूस या घराला एका जोडप्याचं आणि त्यांच्या सहा मुलांचं घर समजेल. प्रत्यक्षात ती तीन घरांची माणसं होती.

आणि एक मूल कुठल्याच ओळीत नाही. नॅन्सीला अब्राहमनंतर थॉमस नावाचा मुलगा झाला आणि तान्हेपणीच गेला. १८१० नंतर जन्मलेलं आणि १८२० च्या आत गेलेलं मूल शिरगणतीला दिसतच नाही. दोन भावंडांमध्ये चार-पाच वर्षांची पोकळी दिसली की तिथे असं कोणी असू शकतं, हे लक्षात ठेवा.

१८२० चा एक सापळा वेगळा सांगते. त्या वर्षी पुरुषांसाठी १६ ते १८ असा जादा रकाना आहे, आणि तीच मुलं १६ ते २५ मध्येही मोजलेली आहेत. आडवी बेरीज केली तर एक मुलगा उगीच वाढतो. १८३० पासून रकाने बारीक होतात, वीस वर्षांपर्यंत पाच-पाच वर्षांचे, त्यापुढे दहा-दहाचे. १८४० मध्ये पेन्शन घेणाऱ्या लढवय्यांची नावं आणि वयं वेगळी लिहिली आहेत. मुलीच्या घरी राहणारा म्हातारा बाप कधीकधी तिथेच पहिल्यांदा सापडतो.

शिरगणतीच नसेल तर

सरहद्दीवरच्या राज्यांत हे नेहमीचं आहे. केंटकीच्या १७९० आणि १८०० च्या याद्या नष्ट झाल्या, व्हर्जिनियाच्याही त्या दोन्ही वर्षांच्या गेल्या. इंडियानाची १८१० ची आणि मिसुरीची १८२० ची नाही. टेनेसीची पहिली वीस-तीस वर्षं जवळजवळ कोरीच आहेत.

त्यांच्या जागी कराच्या याद्या वापरायच्या, आणि माझ्या मते त्या शिरगणतीपेक्षा चांगल्या, कारण त्या दरवर्षी होतात. केंटकीच्या यादीत नाव, जमीन किती एकर, ती कोणत्या ओढ्यावर आणि घोडे किती हे मिळतं. मुलगा २१ वर्षांचा झाला की यादीत स्वतःच्या नावाने येतो. बाप वारला की त्याच्या जागी विधवेचं नाव येतं. नाव एका वर्षी गायब झालं आणि शेजारच्या काउंटीत उगवलं, की स्थलांतराचं वर्ष हाती लागतं.

ओढ्याचं नाव किती उपयोगी आहे ते मी स्वतः अनुभवलं. आमच्या शोधात एकाच नावाचे चुलता-पुतण्या एकाच काउंटीत होते. मी त्यांना एकच माणूस समजले आणि पुतण्याला चुलत्याची बायको लावून मोकळी झाले. चार महिन्यांचं काम चुकीच्या फांदीवर गेलं. शेवटी आठ वर्षांच्या करयाद्या ओळीने उतरवल्या, तेव्हा एकाची जमीन कायम एका ओढ्यावर आणि दुसऱ्याची दुसऱ्या ओढ्यावर दिसली. मग कागद आपोआप दोन ढिगांत पडले. लिंकन घराण्यातही हे आहेच. थॉमसचा एक काकाही थॉमस लिंकनच होता आणि तोही केंटकीतच, फेयेट काउंटीत.

लग्नाचे कागद : एक नाही, चार

'लग्नाची नोंद' असं आपण म्हणतो, पण व्हर्जिनिया-केंटकी पद्धतीत एका लग्नामागे चार प्रकारचे कागद असू शकतात, आणि प्रत्येक वेगळं काहीतरी सांगतो.

पहिला जामीन. नवरदेव आणि एक जामीनदार काउंटी क्लार्कपुढे सही करून लिहून देत की या लग्नाला कायद्याची काही आडकाठी नाही, आणि निघालीच तर अमुक रक्कम देणं लागू. केंटकीत ही रक्कम ५० पौंड होती. पैसे प्रत्यक्ष भरायचे नसत. दुसरं संमतिपत्र. वर किंवा वधू २१ वर्षांच्या आत असेल तर बापाची, आईची किंवा पालकाची चिठ्ठी. तिसरा परवाना. चौथी पाद्र्याची परतनोंद. पाद्री आपण लावलेल्या लग्नांची यादी मागाहून कोर्टाला पाठवत, कधीकधी वर्षभराची एकदम.

त्यामुळे तारखा नीट वेगळ्या ठेवायच्या. थॉमस लिंकन आणि नॅन्सी हँक्स यांचा जामीन १० जून १८०६ चा, लग्न १२ जूनचं, आणि जेसी हेड या मेथॉडिस्ट पाद्र्याने परतनोंद दिली ती १८०७ च्या एप्रिलमध्ये. तिन्ही तारखा खऱ्या, पण लग्नाची एकच. नॅन्सीची आई लुसी हँक्स हिने १७९० मध्ये मर्सर काउंटीत स्वतःच्या हाताने चिठ्ठी लिहून दिली की मी सज्ञान आहे आणि हेन्री स्पॅरोने परवाना घ्यायला माझी खुशीने संमती आहे. लग्न लागलं ते पुढच्या वर्षी. त्या काळी सरहद्दीवरच्या बाईने स्वतः लिहिलेला मजकूर सापडणं फार दुर्मीळ आहे. असा कागद मिळाला तर त्याचं चित्र जपून ठेवा, नुसती तारीख उतरवून पुढे जाऊ नका.

आता जामीनदार. माझ्या मते त्या कागदावरचं सगळ्यात मोलाचं नाव त्याचं. जामीन राहणारा बहुतेक वेळा वधूच्या जवळचा असे : बाप, भाऊ, मेव्हणा, पालक. थॉमस-नॅन्सीच्या जामिनावर रिचर्ड बेरीची सही आहे आणि त्याने स्वतःला पालक म्हटलं आहे. त्या एका शब्दावरून कळतं की नॅन्सी बापाच्या घरून सासरी गेली नाही, आणि तिचा मागोवा बेरी कुटुंबाच्या कागदांत घ्यायला हवा. तुमच्या घराण्यातल्या प्रत्येक लग्नाचे जामीनदार एका यादीत लिहा. तेच नाव दोनदा आलं की त्या माणसाची शिरगणती, करयादी आणि मृत्युपत्र काढा. वधूचं माहेर बहुतेक वेळा तिथे सापडतं.

कोणत्या काउंटीत शोधायचं

परवाना साधारणपणे वधूच्या काउंटीत घ्यायचा. नवरा जिथे राहतो तिथे शोधून लग्न सापडलं नाही म्हणजे लग्न झालंच नाही, असं होत नाही.

याची फार मोठी किंमत लिंकनच्या आईवडिलांच्या नावाने चुकवली आहे. थॉमस लग्नानंतर हार्डिन काउंटीत राहिला, म्हणून लोकांनी लग्नाची नोंद तिथेच शोधली. ती मिळाली नाही. मग राष्ट्राध्यक्षाच्या आईबद्दल नको ते बोललं गेलं. नोंद होती वॉशिंग्टन काउंटीत, केंटकीतल्या स्प्रिंगफील्डच्या कोर्टात, कारण नॅन्सी तिथे बेरींकडे राहत होती. ती १८७८ मध्ये सापडली. लिंकन जाऊन तेरा वर्षं झाली होती. मला हे वाचताना दर वेळी वाईट वाटतं. कागद शेजारच्या काउंटीत नीट बांधून ठेवलेला होता.

थॉमसच्या दुसऱ्या लग्नाचंही तसंच. तो राहायचा इंडियानात, पण लग्न लागलं २ डिसेंबर १८१९ ला, केंटकीच्या एलिझाबेथटाउनमध्ये, कारण साराह तिथली. स्पेन्सर काउंटीच्या वह्या कितीही चाळल्या तरी ते मिळणार नाही. आणि त्या नोंदीत वधूचं आडनाव आहे जॉन्स्टन. ते तिचं माहेरचं नाव नव्हे. तिचं पहिलं लग्न १८०६ मध्ये डॅनियल जॉन्स्टनशी, हार्डिन काउंटीतच झालं होतं, आणि बुश हे आडनाव त्या आधीच्या कागदावर आहे. म्हणून वधूचं वय तिशीच्या पुढे दिसलं, किंवा शिरगणतीत नवऱ्याच्या लग्नाआधी जन्मलेली मुलं दिसली, की थांबायचं नाही. आणखी एक लग्न मागे शोधायचं.

शोधताना आडनाव कानाने ऐका. लिंकन हे नाव जुन्या कागदांत लिंकहॉर्न, लिंकर्न असंही लिहिलेलं आहे. क्लार्क ऐकेल तसं लिहायचा, सांगणाऱ्याला पुष्कळदा लिहिता येत नसे.

ज्यांचं नावच लिहिलं नाही

केंटकी, टेनेसी, व्हर्जिनियातलं घर शोधत असाल तर गुलामांचा रकाना झाकून पुढे जाऊ नका. १८५० आणि १८६० मध्ये गुलामांच्या वेगळ्या याद्या आहेत. त्यांत मालकाचं नाव असतं, माणसाचं फक्त वय, लिंग आणि रंग. ती माणसं तुमच्या शोधातल्या घरात राहत होती. त्यांची नावं मृत्युपत्रांत आणि मालमत्तेच्या याद्यांत कधीकधी मिळतात. मिळाली तर त्या पानाची नोंद पूर्ण उतरवा. त्यांचे वंशज आजही ती शोधत आहेत. आणि ज्यांच्या जमिनीवर ही सरहद्द सरकत गेली, त्या मूळ रहिवासी लोकांना या जुन्या शिरगणत्यांनी बहुतांशी मोजलंच नाही.

कुठे आणि कसं

फॅमिलीसर्च या वंशशोधाच्या संकेतस्थळावर फुकट खातं उघडून शिरगणत्यांची आणि पुष्कळ काउंट्यांच्या लग्नवह्यांची चित्रं पाहता येतात. काही चित्रं घरून उघडत नाहीत, त्यासाठी त्यांच्या केंद्रात किंवा संलग्न वाचनालयात जावं लागतं. नावाने शोध घेऊन काही मिळालं नाही तर वही पान पान उलटून बघा. हस्ताक्षर चुकीचं वाचलं गेल्यामुळे सूचीतून सुटलेली नावं खूप असतात. आता तिथे जमिनीच्या आणि वारशाच्या वह्यांमधला हस्तलिखित मजकूरही शोधता येतो. वधूच्या भावाने जमीन विकताना बहिणीचं आणि मेव्हण्याचं नाव घेतलेलं असतं, ते अशाच शोधात हाती येतं.

शिरगणतीत आपली ओळ सापडली की वरची दहा आणि खालची दहा नावंही उतरवा. सरहद्दीवर लोक एकटे जात नसत, सासरमाहेर आणि शेजार मिळून निघत. यादी वर्णानुक्रमे लावलेली दिसली तर मात्र शेजाराचा अंदाज सोडून द्यायचा, कारण मोजणाऱ्याने ती नंतर नकलून काढलेली असते.

आपल्या वहीत सापडलेल्या नोंदींइतकीच न सापडलेल्याही लिहा : कोणती वही, कोणती वर्षं, कोणती स्पेलिंगं पाहिली. आणि काउंटी क्लार्ककडून लग्नाची प्रत मागवाल तेव्हा नुसता दाखला मागू नका. दाखल्यावर दोन नावं आणि एक तारीख येते. जामिनाच्या मूळ कागदाचं चित्र मागा, त्याला जोडलेली चिठ्ठी मागा, आणि पाठची बाजूही मागा. आमच्या नातीच्या चौथ्या पिढीच्या आजीचं माहेर त्या पाठच्या बाजूवर, तिच्या भावाच्या वेड्यावाकड्या अक्षरात सापडलं.